पाकिटाला कल्ले नसतात

शाळा सुटली की मासळीबाजारावरून घरी जायचं, हा माझा वेंगुर्ल्यातला वीस वर्षांचा शिरस्ता. फेब्रुवारीतल्या त्या दिवशी स्कूटीवर पायांच्या मधे पेडव्याच्या खाण्याची तीन किलोची पिशवी उभी होती. बांगडे चांगले आले होते. नेहमीच्या मासेवालीपुढे मी उकिडवी बसले. तिचा थोरला मुलगा माझ्याकडे आठवीत गणिताला होता, तेव्हापासून ती मला बाई म्हणते. तिने मान वाकडी करून पिशवीकडे पाहिलं. "ह्या काय वो बाई?" म्हटलं, कुत्र्याचं खाणं. "काय काय आसा ह्याच्यात?" मी पिशवीकडे पाहिलं. हिरव्यागार कुरणात धावणारा सोनेरी केसांचा कुत्रा, त्याच्या बाजूला गुलाबी मांसाचा तुकडा, एक गाजर, चार मटार. "चिकन," मी म्हटलं. "आनी?" पुढे मला काही सांगता येईना. ती माझ्या हाताकडे बघत होती. माझा अंगठा त्या वेळी एका बांगड्याचा कल्ला वर करून आतला रंग पाहण्यात गुंतला होता. ती मनापासून हसली. "चित्र बघून घेतलास काय? आनी माज्याकडसून चार बांगडे घेवचे तर एकेकाचे कल्ले उघडून बगतास!"

हसले मीही. पण घरी येऊन बांगडे साफ करतानाही ते वाक्य माशाच्या वासासारखं हाताला चिकटून होतं.

पेडवा आमच्याकडे आला तो रापणीवरून. रापण ओढताना किनाऱ्यावर दोन दोरांची दोन टोकं घेऊन माणसं मागे मागे सरकत असतात, जाळ्याचा घेर लहान होत येतो, आणि शेवटच्या दहा मिनिटांत घारी, कावळे, पोरं आणि कुत्रे हे सगळे आपापलं अंतर राखून जमतात. कुत्र्यांचं अंतर ठरलेलं असतं. जुने पुढे, नवे मागे. त्या दिवशी मागच्या रांगेतलं एक पिल्लू सगळ्यांच्या पायांतून घुसून आपल्या तोंडापेक्षा मोठा पेडवा मासा घेऊन पळालं आणि थेट माझ्या चपलांमागे येऊन बसलं. म्हणून नावही तेच. आता चौदा किलोचा आहे, भाजलेल्या पावाच्या रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला. पहिली दोन वर्षं तो आमच्यातलंच खात होता. पेज, भात, सारातले उरलेले तुकडे, सुकटीचा चुरा. मग पाठीवरचे केस गेले आणि रात्रभर खाजवण्याचा फटफट आवाज सुरू झाला. डॉक्टरांनी आधी गोचीड पाहिले, जंताचं औषध दिलं आणि मग विचारलं, खातो काय? म्हटलं, आमच्यातलंच. "आमच्यातलंच म्हणजे नेमकं काय?" इथेही मी अडकले. वाटपातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो, हे मला त्या दिवशी कळलं. सुकटीत मीठ किती, हे तर मी स्वतःच सांगू शकले असते, पण कधी मनातच आलं नव्हतं.

डॉक्टर मासे-भाताच्या विरोधात नव्हते. घरचं खाणं नीट हिशेब करून दिलं तर उत्तमच, म्हणाले. फक्त तो हिशेब कोणी करत नाही. नुसत्या भात-मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र. वाढत्या पिल्लाला ते न मिळालं तर शरीर हाडांतून ओढून घेतं. हे ऐकताना मला वाकड्या आठवला. मी सहा-सात वर्षांची असताना आमच्या वाडीत होता. पुढचे दोन्ही पाय कंसासारखे बाहेर वळलेले, चालताना छाती जवळजवळ जमिनीला टेकायची. आम्ही पोरं त्याच्या चालीची नक्कल करायचो आणि तो शेपूट हलवत आमच्याबरोबर चालायचा. तोही आमच्यातलाच भात खायचा, कुणी कुणी कोंबडीच्या रश्श्याचं पाणी घालायचं. एका पावसात दिसेनासा झाला. कशाने तसा झाला होता, ते आता कुणीच सांगू शकणार नाही. पण "पूर्वी नव्हती ही पाकिटं, तरी कुत्रे जगतच होते ना?" असं कोणी म्हटलं की मला तो दिसतो. किती जगत होते आणि कसे, हे मोजायला कोणी बसलं नव्हतं.

तर पाकीट घ्यायचं ठरलं. पण सुरुवात पाकिटाने झाली नाही, सुट्ट्याने झाली. एका दुकानात मोठ्या पोत्याचं तोंड उघडून ठेवलेलं असायचं, त्यात पत्र्याचं माप खुपसलेलं. किलोमागे बरेच पैसे वाचत होते. लाल, हिरवी आणि तपकिरी अशी हाडकाच्या आकाराची बिस्किटं. पेडव्याने ती अशी खाल्ली की मला स्वतःच्या स्वैपाकाचा अपमान वाटला. पुढे वाचलं तेव्हा कळलं की असल्या दाण्यांवर शेवटी चरबी आणि मांसाचा अर्क फवारतात; कुत्रा तुटून पडतो तो त्या वासावर. म्हणजे त्याने आवडीने खाल्लं, हा पुरावा बाद. आणि रंग? कुत्र्याला निळा-पिवळा कळतो, लाल-हिरव्यात त्याला फारसा फरक दिसत नाही. ते रंग माझ्यासाठी होते. जुलैतल्या एका सकाळी डबा उघडला तर आई ओट्याकडून म्हणाली, "खवट झाला ह्या." तिने डब्यात पाहिलंही नव्हतं. खवट खोबऱ्याचा वास कोकणातल्या बाईला पाठमोरी असतानाही येतो. तीन हजार मिलीमीटर पावसाच्या मुलखात पापडाचा डबा आम्ही उन्हं दाखवून, घट्ट झाकण लावून ठेवतो. आणि हे चरबी फवारलेलं खाणं दुकानात महिनोन्‌महिने उघड्या तोंडाने बसलेलं होतं. पेडव्याचं पोट चार दिवस बिघडलं. दमट हवेत मक्यासारख्या धान्यावर बुरशी येते, तिचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष यकृतावर जातं, आणि ते शिजवूनही पूर्ण जात नाही. सुट्ट्या पोत्याला ना तारीख, ना बॅच नंबर. तक्रार करायची तर कोणाची, पोत्याची?

मग बंद पिशव्या सुरू झाल्या, आणि त्यांतलीच ती कुरणातल्या कुत्र्याची.

मासेवालीने विचारल्याच्या रात्री मी तीच पिशवी मांडीवर घेऊन बसले. अक्षर मुंगीएवढं. आई समोर सुपात तांदूळ निवडत होती. मी वाचून दाखवत होते. चिकन, तांदूळ, तांदळाची कणी, भाताचा कोंडा, मका, सोयाबीनची पेंड, चिकन मील. आईचा हात थांबला. "परत वाच बगूया." मी परत वाचलं. "अगो, ह्या तिनय एकच! गिरणीत एक पोता भात घातला की तांदूळ पडतत, कणी पडता, कोंडो पडता. तीन नावां घातली म्हणान भात कमी झाला काय?" मी गप्पच झाले. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात हे मला माहीत होतं, आणि चिकन पहिलं आहे या समाधानात मी होते. पण तांदळाची तिन्ही नावं एकत्र केली तर चिकन पहिलं राहतंय का? ही युक्ती या धंद्यात जुनी आहे, तिला नावही आहे. सगळं आयुष्य भात कांडण्यात आणि पाखडण्यात गेलेल्या बाईने चष्मा न लावता ती पकडली.

आणि पहिल्या नंबरवरचं चिकनही ओलं. वजन करतात ते शिजवण्याआधीचं, आणि ताज्या मांसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. उलट ज्या "चिकन मील"ला मी यादीच्या शेवटी पाहून भुसा समजत होते, ते आधीच पाणी आणि चरबी काढून वाळवलेलं. ओला जवळा आणि सुका जवळा यांतला फरक आम्हाला कोणी शिकवायला नको. टोपलीभर ओल्याचा वाळून डबाभर होतो. म्हणजे मील ही चिकनची सुकट झाली. सुकटीसारखीच ती चांगलीही असते आणि वाळू-कचऱ्याची भेसळ असलेलीही. नावावरून कळत नाही, कोणाकडून घेतली त्यावर कळतं.

मी गणिताची बाई. मला खरी लाज वाटली ती टक्केवारीत. दुकानात ओल्या खाण्याचा डबा बघून मी नाक मुरडलं होतं, प्रोटीन अवघं आठ टक्के म्हणून. माझ्या पिशवीवर बावीस. पण डब्यात ऐंशी टक्के पाणी होतं. उरलेल्या वीसमध्ये आठ, म्हणजे कोरड्याचे चाळीस टक्के. पिशवीत पाणी दहा टक्के, नव्वदमध्ये बावीस, म्हणजे साडेचोवीसच्याही खाली. "अंश पाहू नका, छेद पाहा" असं दर वर्षी पन्नास पोरांना ओरडून सांगणारी मी, स्वतः अंश पाहून घरी आले होते. दुसऱ्या दिवशी हेच उदाहरण आठवीला घातलं. पोरांनी दोन मिनिटांत सोडवलं आणि तास संपेपर्यंतची उरलेली वेळ आपापल्या कुत्र्यांबद्दल बोलण्यात घालवली.

टक्केवारीच्या आधी "क्रूड" असा एक शब्द असतो, तोही मी आजवर ओलांडून जात होते. प्रयोगशाळा प्रोटीन थेट मोजत नाही. नायट्रोजन मोजते आणि सव्वासहाने गुणते. म्हणजे नायट्रोजन कुठून आला याची चौकशी त्या आकड्यात नाही. २००७ साली अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली, तेव्हा चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन सापडलं. मेलामाइन म्हणजे प्लास्टिकच्या ताटल्या बनवायला लागतं ते. नायट्रोजनने भरलेलं, म्हणून आकडा फुगवायला घातलेलं. कागदावर प्रोटीन उत्तम होतं.

पुण्याच्या भाच्याचं मत वेगळं. त्याच्याकडे लॅब्रेडॉर आहे आणि मतं भरपूर आहेत. "मावशी, ग्रेन-फ्री घे. तांदूळ कुत्र्यांचं अन्नच नाही, ते लांडग्यांचे वंशज." तो फोनवर हे सांगत असताना पेडवा ओसरीवर चारी पाय वर करून झोपला होता आणि झोपेत मधूनच एक पाय झटकत होता. आईने त्याच्याकडे पाहिलं. "लांडगो? ह्यो?" यात आई एकटी नाही. २०१३ साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात एक संशोधन आलं होतं. पिष्टमय अन्न पचवणारं विकर ज्या जनुकामुळे बनतं, त्याच्या लांडग्यात साधारण दोन प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या चुलीपाशी बसून बसून त्यांनी भात पचवायची सोय करून घेतली. शिवाय जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, धान्याऐवजी वाटाणा-मसूर घातलेल्या खाण्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, हे तपासत असल्याचं जाहीर केलं. नेमकं कारण सिद्ध झालं असं त्यांनीही म्हटलेलं नाही. पण ज्या गोष्टीची कुत्र्याला अडचण नाही ती काढून टाकण्यासाठी दुप्पट पैसे मोजायचे, हे माझ्याच्याने होणार नाही. भाच्याला हे सांगितलं नाही. लॅब्रेडॉरही मजेत आहे.

या सगळ्या धंद्याचं मूळ मात्र मला फार आवडलं. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन इंग्लंडला गेला होता, इमारतींवर लावायचे, पडणारी वीज जमिनीत उतरवणारे दांडे विकायला. तिथल्या गोदीवर जहाजांतली टणक, शिळी बिस्किटं खलाशी फेकून द्यायचे आणि कुत्रे ती खायचे, ते पाहून त्याला कुत्र्यांचं बिस्कीट सुचलं, असं सांगतात. म्हणजे बंदरावरचे कुत्रेच या उद्योगाचे आद्य गिऱ्हाईक. आमच्या वेंगुर्ल्यात डच वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत, झाडांच्या मुळांनी आवळलेल्या. त्यांच्या गलबतांतली बिस्किटं सतराव्या शतकात इथल्या किनाऱ्यावर फेकली गेलीच असणार, आणि पेडव्याच्या कुठल्यातरी खापरपणजोबाने ती खाल्लीच असणार. फक्त तेव्हा शेजारी धंदा सुचणारा माणूस उभा नव्हता. असता तरी तो डच असता.

आफ्को म्हणून अमेरिकेतल्या पशुखाद्य अधिकाऱ्यांची एक संघटना आहे. पुष्कळ पाकिटं तिचं नाव सांगतात. ती कुणाला मान्यताबिन्यता देत नाही, पोषणाचं किमान माप ठरवून देते. कोरड्यावर मोजून मोठ्या कुत्र्याला प्रोटीन अठरा टक्के, पिल्लाला साडेबावीस. पाकिटावर "कम्प्लीट अँड बॅलन्स्ड" आणि कोणत्या वयासाठी, एवढं एक वाक्य असेल तर ते रोजचं जेवण. नसेल तर तो खाऊ, चित्र कितीही हिरवं असो. मी चार पाकिटांचे फोटो काढले. एकावर हे वाक्यच नव्हतं. एकावर कॅलरी नव्हत्या. उरलेल्या दोन कंपन्यांना मेल केला: पाककृती कोण ठरवतं, त्याचं शिक्षण काय, कारखाना तुमचा स्वतःचा का, शंभर ग्रॅममध्ये कॅलरी किती. हे प्रश्न माझे नाहीत, जगभरचे पशुवैद्य सुचवतात ते. एका कंपनीने उत्तरादाखल दहा टक्के सवलतीचं कूपन पाठवलं. दुसरीने चार ओळी लिहिल्या, सरळ. मी दुसरी घेतली. ती सगळ्यांत महाग नव्हती, स्वस्तही नव्हती.

महिन्याचा खर्च किती, हे मी बाजारात कुणाला सांगत नाही. रापणीचा वाटा हल्ली कसा येतो ते मला माहीत आहे. घरी पिशवी आणताना मी ती ओढणीखाली धरते, हेही इथेच कबूल करून टाकते.

बदल दहा दिवसांत केला, रोज थोडं नवं वाढवत, थोडं जुनं कमी करत. पाकिटावरच्या तक्त्यात त्याच्या वजनाला पावणेतीनशे ग्रॅम लिहिलं होतं. डॉक्टरांच्या सूत्राने मी हिशेब मांडला: चौदा किलोच्या, नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या कुत्र्याला दिवसाला आठशेच्या आसपास कॅलरी. या खाण्याच्या शंभर ग्रॅममध्ये तीनशे साठ. सव्वादोनशे ग्रॅम पुरे. वाटीने मोजायचं सोडून मोदकाच्या पिठीसाठी घेतलेला वजनकाटा काढला. बरगड्यांवरून हात फिरवला तर बोटांना लागाव्यात पण डोळ्यांना दिसू नयेत, एवढंच पाहायचं. पिशवी तशीच, तोंड दुमडून, पत्र्याच्या डब्यात. नुसतं डब्यात ओतलं तर तळाला जुनं तेल राहतं आणि नव्यालाही खवट करतं. उघडल्यापासून सहा आठवड्यांत संपेल एवढीच पिशवी. रोज झाकण उघडलं की आधी आई वास घेते, मग पेडवा.

जूनपासून दोन महिने मासेमारीला बंदी. बाजारात फळ्या उलट्या टाकलेल्या, ओल्या लाकडाचा आणि जुन्या खवल्यांचा वास. बंदरावरचे कुत्रे या दिवसांत बारीक होतात, दरवर्षी. मी स्कूटीवरून जाताना त्यांच्याकडे पाहायचं टाळते. कधी टाळता येत नाही. पेडव्याच्या पाठीवर तोवर केस आले होते. खाण्याने आले, की गोचीड गेले म्हणून आले, की कांदा बंद झाला म्हणून, डॉक्टरही छातीवर हात ठेवून सांगत नाहीत.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या बाहेर पडल्या. पहिल्याच आठवड्यात मी बाजारात गेले, पेडव्याला मुद्दाम बरोबर घेऊन. मासेवालीने त्याला पाहिलं. "बरो दिसता वो कुत्रो. काय खाता आता?" सहा महिने मी या प्रश्नाची वाट पाहत होते. सांगत सुटले. तांदूळ किती नावांनी लपतो ते, ओलं चिकन नि सुकं चिकन, नायट्रोजन, कूपन, सगळं. ती कोयतीवर सुरमईचे तुकडे पाडत ऐकत होती. गोष्ट सुक्या चिकनशी आली तेव्हा तिने मान डोलावली. ते तिला माझ्याआधी कळलं. पर्समध्ये डबीत चार दाणे ठेवले होते, तेही दाखवले. तिने एक दाणा दोन बोटांत चुरडला, नाकाशी नेला, बोटं परकराला पुसली. "सुकटीचो वास येता. बरो आसा. करता कोण ह्या?" म्हटलं, कारखाना आपल्याच देशातला. आणि त्यांच्याकडे जनावरांच्या आहाराचं शिकलेल्या एक बाई आहेत, त्या ठरवतात काय किती घालायचं ते.

"नाव काय तेंचा?"

मेलच्या खाली "कस्टमर केअर टीम" असं होतं. मी काही बोलले नाही. तिने कोयतीवरून नजर वर केली. "माजा नाव म्हायत आसा मा तुमका?"

होतं. तिच्या सासूचंही माहीत होतं, जी याच जागेवर बसायची. पेडवा तिच्या पाटीला नाक लावून बसला होता. तिने बांगड्याचं एक डोकं त्याच्यापुढे टाकलं. त्याने ते उचललं आणि सवयीने माझ्या चपलांमागे नेलं. मी चार बांगडे निवडायला वाकले आणि माझा अंगठा आपोआप कल्ल्याकडे गेला. अर्ध्या वाटेत थांबवला.

"बगा, बगा," ती म्हणाली.